बिनखुणेची बंदूक

सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांत खंडेनवमीला शस्त्रं पुजली जातात, तेव्हा तलवार, कट्यार, एखादा दांडपट्टा यांच्या शेजारी कधीकधी एक लांब, काळपट ठासणीची बंदूकही पाटावर येते. तिला हळदकुंकू वाहतात, तेलाचा हात फिरवतात आणि घरातलं कुणी वडीलधारं सांगतं की, ही आपल्या खापरपणजोबांनी पानिपतावरून आणली. ऐकणारा ती उलटसुलट करून पाहतो. नाव नाही, साल नाही, नंबर नाही, शिक्का नाही. नळी आतून गुळगुळीत, आटे नाहीत. मग ती पानिपतावरची की मुंगेरची, पुण्याची की बर्मिंगहॅमची, हे ठरवायचं कशावरून?

ते बऱ्याच अंशी ठरवता येतं. मात्र त्यासाठी बंदुकीकडे एकसंध वस्तू म्हणून पाहण्याची सवय सोडावी लागते. नळी, कळ आणि दस्ता या तिघांचा जन्म एकाच ठिकाणी, एकाच साली झाला असेल असं धरून चाललं की हमखास फसगत होते.

मोठ्या तोफांच्या बाबतीत हा त्रास कमी. विजापूरची मुलूख-ए-मैदान घ्या. 1549 मध्ये ती अहमदनगरला ओतली गेली, आपल्या बार्शीजवळच्या परंड्याच्या किल्ल्यावर काही काळ राहिली आणि मग विजापूरला गेली. ओतणाऱ्या रूमी कारागिराचं नाव तिच्या अंगावर आहे आणि विजापूर पडल्यावर औरंगजेबानं कोरवलेला मजकूरही आहे. तोफ ही राज्याची मिजास, म्हणून तिच्यावर लेख. शिपायाच्या खांद्यावरच्या बंदुकीला तो मान क्वचितच मिळाला.

सोलापूरच्या मातीत या बंदुका आल्या तरी कुठून कुठून, तेही एकदा पाहू. 1695 ते 1699 अशी चार वर्षं औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे मंगळवेढ्याजवळच्या माचणूरला होती. बादशहाची छावणी म्हणजे चालतं शहर. तिच्याबरोबर काबूलपासून बंगालपर्यंतची माणसं आणि त्यांची हत्यारं आली. पूर्वेला निजामाचा मुलूख. तिथे रेमाँ या फ्रेंच सरदारानं कवायती पलटणी उभ्या केल्या आणि हैदराबादेत तोफा-बंदुकांचे कारखाने चालवले. 1798 मध्ये इंग्रजांनी त्या पलटणींची हत्यारं काढून घेतली. मे 1818 मध्ये जनरल मन्रोनं सोलापूरचा भुईकोट घेतला, तेव्हा किल्ल्याबाहेर गणपतराव पानशांच्या हाताखाली पेशव्यांचं पायदळ आणि तोफखाना होता, त्यात अरबही होते. हरलेल्या फौजेची हत्यारं आसपासच्या गावांत शिरली नसतील, असं कोण म्हणेल? पुढे 1948 मध्ये भारतीय फौजेची हैदराबादवर मुख्य चाल झाली तीही सोलापूर-नळदुर्ग रस्त्यानंच आणि रझाकारांकडच्या हत्यारांत ठासणीच्या बंदुका मोठ्या संख्येनं होत्या.

म्हणून बंदूक सापडली कुठे, यावरून ती घडली कुठे हे ठरत नाही. याचं ठसठशीत उदाहरण बिकानेरचं. तिथल्या जुनागडाच्या शस्त्रागारातल्या कित्येक हत्यारांवर टिंबं ठोकून देवनागरी अक्षरं उमटवलेली आहेत. त्यातली काही सांगतात की हे हत्यार अदोनीच्या मोहिमेत मिळालं. मुघलांच्या चाकरीत दख्खनेत आलेल्या राजा अनूपसिंहानं ती नेली. घडलेली दख्खनेत, राहिलेली राजस्थानात. अक्षरं नसती तर आज ती राजस्थानी म्हणूनच खपली असती.

तपासणीला हात घालण्यापूर्वी एक काम मात्र केलंच पाहिजे: नळी रिकामी आहे का ते पाहणं. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडतात आणि कोरडी राहिलेली काळी दारू कितीही वर्षांनी पेट घेऊ शकते. बंदुकीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून एक पातळ लाकडी काठी नळीत अलगद टेकेपर्यंत सोडायची आणि नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करायची. मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरायची, खूण तोंडाशी जुळवायची. काठीचं टोक मागे कानापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाते त्या छिद्रापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच अडलं तर आत बार ठासलेला असू शकतो. अशा वेळी काही उकरायचं नाही, पोलिसांना कळवायचं. आणि पूजेच्या पाटावर समई, उदबत्ती बंदुकीपासून लांब. हे घरोघर सांगायला हवं, कारण तिकडे कुणाचं लक्षच नसतं.

आता कळ. दारू पेटवण्याची युक्ती कोणती, यावरून काळाची एक कड लगेच हाती येते. सर्वांत जुनी तोड्याची बंदूक: जळती वात एका चिमट्यात धरलेली असते, चाप ओढला की ती रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूच्या, वाटीत टेकते. देशी तोडेदार बंदुकीत हा चिमटा दस्त्याच्या फटीतून, वाटीच्या मागून वर येतो आणि पुढे, नळीच्या तोंडाच्या दिशेनं झुकतो. युरोपी तोड्याच्या बंदुकीत तो वाटीच्या पुढे असतो आणि नेम धरणाऱ्याकडे, मागे येतो. ही एवढीशी गोष्ट पूर्व आणि पश्चिम वेगळी करते. त्यानंतर चकमकीची बंदूक, आणि 1820 नंतर स्फोटक भरलेल्या छोट्या टोपीची, जिला आपल्याकडे केपाची बंदूकही म्हणतात. स्फोटक रसायनानं बार उडवण्याचं पहिलं पेटंट फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकानं 1807 मध्ये घेतलं. इंग्रजी फौज टोपीकडे वळली ती 1840 च्या आसपास.

तेव्हा टोपीची कळ असलेली बंदूक, आहे त्या रूपात, पानिपतावर असूच शकत नाही. पण इथे थांबायचं नाही. चकमकीच्या हजारो बंदुका पुढे टोपीच्या करून घेतल्या गेल्या. हा बदल ओळखायचा तर खोलीत अंधार करून कळीच्या पाटीवर बॅटरीचा झोत अगदी तिरपा टाकावा. चकमकीच्या कळीला बाहेरून रंजकाची वाटी, ठिणगी पाडणारी पोलादी पट्टी आणि त्या पट्टीची कमान असते. त्यांचे स्क्रू पाटीत जातात. बदल करताना हे सगळं काढून भोकं बुजवतात. समोरून पाहिलं तर पाटी सपाट दिसते. तिरप्या उजेडात मात्र बुजवलेल्या भोकांची वर्तुळं किंचित वेगळ्या रंगानं उमटतात. जिथे वाटी होती तिथे कधी पितळेचा भर घातलेला असतो. कानाच्या जागी नळीत बाजूनं एक जाड लोखंडी पिंप आटे पाडून बसवलेलं आणि त्यावर टोपीची निप्पल, असं दिसलं तर बदल झाल्याचं जवळजवळ पक्कं.

नळीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण ती खोटं सर्वांत कमी बोलते. दस्ता मोडतो, कळ बिघडते, नळी मात्र पिढ्यानपिढ्या टिकते आणि नव्या दस्त्यावर चढते. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त नळी घडवण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत. जुन्या रीतीत लोखंडाची लांब पट्टी वळवून तिच्या कडा जोडायच्या. अशा नळ्या जोडावर फुटून माणसं जायबंदी होत. नव्या रीतीत पट्टी तिरपी, एकावर एक वेढे येतील अशी गुंडाळायची आणि तापवून घट्ट जोडायची. पहिल्या रीतीच्या नळीवर लांबीच्या दिशेनं एक सांधा धावतो, दुसऱ्या रीतीत तिरपे वेढे दिसतात. शेकडो वर्षांचा गंज इथे मदतीला येतो, कारण तो लोखंडातल्या मळीच्या धारेनं आत शिरतो आणि घडण उघडी पाडतो. म्हणूनच अशी नळी पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. तो स्वच्छता करत नाही, साक्षीदाराचा खून करतो.

देशी नळीची ठेवण साधारण अशी: तोंडाशी फुगीर कडा, कधी कमळाच्या किंवा वाघाच्या तोंडाचा आकार, मागे जाड भिंत, रंजकाची वाटी नळीलाच जोडलेली, तिच्यावर सरकतं झाकण. बूड बंद करणारं बूच पुष्कळ देशी नळ्यांत ठोकून, झाळून पक्कं केलेलं असतं. युरोपी नळीचं बूच आटे पाडून फिरवून बसवतात आणि त्याची शेपटी मागे दस्त्यावर येऊन एका स्क्रूनं घट्ट होते. म्हणून बंदुकीची मागची चार इंचं आधी पाहावीत.

मग मापं. व्हर्नियर कॅलिपरनं नळीचा बाहेरचा व्यास बुडाशी, मध्ये आणि तोंडाशी घ्यावा. खरी जुनी नळी मागून पुढे निमुळती होत जाते. सगळीकडे एकच जाडी, आतून काटेकोर गोल, कुठेही सांधा नाही, असं निघालं तर तो पाइपचा तुकडा आहे. अशी बंदूक गेल्या शंभर वर्षांत शेतराखणीला कुणा लोहारानं केली असेल किंवा पर्यटकाला विकायला. भोकाचं मापही बोलकं. ईस्ट इंडिया कंपनीनं 1771 पासून आपल्या फौजेसाठी जी बंदूक ठरवली, तिची नळी 39 इंच, म्हणजे 99 सेंटिमीटर आणि भोक पाऊण इंच, 19 मिलिमीटर. इंग्लंडच्या सरकारी फौजेनंही 1797 मध्ये तीच उचलली. फ्रेंच पायदळाच्या बंदुकीचं भोक 17.5 मिलिमीटरच्या आसपास. देशी तोडेदार बंदुकीत असं ठरीव माप नाही, कारण गोळीचा साचा त्या बंदुकीपुरता वेगळा बनायचा.

नळी दस्त्याला कशी धरून ठेवली आहे तेही पाहावं. इंग्रजी बंदुकीत नळीच्या पोटाला छोटे, भोक पाडलेले कान असतात (ठिणगीच्या छिद्राचा कान वेगळा) आणि लाकडातून आरपार आडव्या पिना जातात. फ्रेंच पद्धतीत नळी आणि लाकूड यांना बाहेरून धातूची कडी घालतात. देशी बंदुकीत चामड्याची वादी, तार किंवा पत्र्याचे बंद. दस्ता सरळ, सडपातळ, खांद्याशी न रुंदावणारा असेल तर तो इथलाच. लाकूड अक्रोडाचं की शिसवी, सागवानी, बाभळीचं, हे सुताराच्या नजरेला कळतं आणि खात्री हवी असेल तर कपचीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. कार्बन-14 चाचणीचा इथे उपयोग नाही. साधारण 1650 नंतरच्या लाकडाला ती नेमकं साल देऊ शकत नाही.

एक बंदूक कल्पनेनंच समोर ठेवू. नळी 99 सेंटिमीटर, भोक झिजून 19 मिलिमीटरच्या किंचित वर. नळीच्या पोटाला पिनांचे कान. बूच आट्यांचं, शेपटीला स्क्रू. तोंडापासून दोनएक इंचांवर वरच्या अंगाला लोखंडाचा छोटा चौकोनी ठोकळा, म्हणजे संगीन अडकवायची सोय; यावरून नळी पुढून कापलेली नाही हेही कळलं. कळ टोपीची, पण पाटीवर बुजवलेल्या भोकांची वर्तुळं. दस्ता शिसवी, कळीसाठी खोदलेला खळगा ओबडधोबड, पिनांची भोकंही नळीच्या कानांशी जुळत नाहीत. नळी तारेनं आवळलेली. निकाल असा: नळी कंपनीच्या धाटणीची, 1771 नंतरची, कळ मूळची चकमकीची, 1840 च्या पुढे कधीतरी बदललेली, दस्ता गावच्या सुताराचा, मूळचा मोडल्यावर केलेला. पानिपत 1761 चं. ही नळी ज्या धाटणीची आहे ती धाटणीच पानिपतानंतर दहा वर्षांनी ठरली.

मग शिक्के कुठे गेले? कंपनीच्या बंदुकीवर आधी बदामाच्या आकारात अक्षरं आणि 1808 पासून मागच्या पायांवर उभा सिंह असे. लंडनच्या बंदूककारांची नळी दाबाच्या चाचणीतून उतरली की तिच्यावर मुकुटाखाली अक्षरांचा ठसा पडे. बर्मिंगहॅमला 1813 मध्ये स्वतंत्र चाचणीघर झालं. बेल्जियममधल्या लिएजचा ठसा अंडाकृती, त्यात तीन अक्षरं. हे ठसे नळीच्या डाव्या अंगाला, बुडाशी असतात आणि नेमक्या त्याच जागी हात, घाम, तेल आणि रंजकाच्या धुराची झीज होते. पुष्कळदा ठसा नाहीसा झालेला नसतो, तेलाच्या आणि कुंकवाच्या थराखाली दबलेला असतो. रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश, एवढंच वापरावं. नळी उतरवता आली तर तिचं पोट नक्की पाहावं. घडवणाऱ्याची छोटी खूण तिथे, लाकडाआड, जशीच्या तशी राहते. हे काम मात्र जाणकाराच्या हातानंच व्हावं.

आणि खरोखरच कधी खूण नव्हतीच असं दिसलं, तर तोही पुरावाच. खूण उमटवायला कुणीतरी हिशेब मागणारं लागतं. अकबराच्या कारखान्यात नळीवर लोखंडाचं वजन, लोखंड कुठून आणलं ती जागा, कारागीर, ठिकाण, साल आणि क्रमांक कोरत, कारण बादशहाला प्रत्येक बंदूक मोजून हवी होती. टिपूच्या कारखान्यांतल्या बंदुकांवरही साल आणि ठिकाण सापडतं. मराठी फौजेतला शिलेदार मात्र घोडा आणि हत्यार स्वतःचं आणायचा. त्याची बंदूक सरकारी दप्तरात नसायची, मग तिच्यावर नंबर घालणार कोण? गावचा लोहार ज्याला बंदूक देई तो त्याच्या ओळखीचाच असे, त्यालाही नाव कोरायची गरज नव्हती. पेशव्यांचे तोफांचे आणि गोळ्यांचे कारखाने पुणे, आंबेगव्हाण, कात्रज इथे होते. महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट माणूस दहा रुपयांत एक या खर्चानं चकमकीच्या बंदुका करवून घेई. मीर कासिमनं 1760 नंतर मुंगेरला उभारलेल्या कारखान्यांची कारागिरी तर पुढे बाजारात उतरली आणि मुंगेरी बंदूक देशभर गेली. बिनखुणेच्या बंदुकीला एवढी सगळी घरं शक्य आहेत.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. बाजारातल्या देशी कारागिरांनी इंग्रजी कळीची नक्कल करताना तिच्यावरचा मुकुट आणि ‘टॉवर’ हा इंग्रजी शब्दही नकलला. इंग्रजी वाचता येत नसल्यानं अक्षरं उलटी पडली, एखादं गळलं. असा शिक्का दिसला की तो वाचण्याआधी त्याची अक्षरं तपासावीत. शिक्का असलेल्या खोट्या बंदुकीपेक्षा बिनखुणेची खरी बंदूक मला अभ्यासाला केव्हाही बरी वाटते.

साध्या देशी तोडेदार बंदुकीपुढे मात्र ही सगळी पद्धत थोडी नमते. दोनशे वर्षं तिचा आकार फारसा बदलला नाही. 1857 मध्येही तोड्याच्या बंदुका लढाईत होत्या. तिथे दख्खनची की उत्तरेची एवढं सांगता आलं तरी पुष्कळ झालं, आणि तेही ताडून पाहायला दुसरे नमुने लागतात. सोलापूरकरांना त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं संस्थानचं शस्त्रागार, पुण्याचं राजा केळकर संग्रहालय, हैदराबादचं सालारजंग, या तीन ठिकाणच्या बंदुका लक्षपूर्वक पाहिल्या की डोळा तयार होतो. लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या भारतीय शस्त्रांची एगर्टननं केलेली यादी 1880 मध्ये छापली गेली. प्रांतवार तुलना करायला ती आजही उपयोगी पडते.

आता कायद्याचं. ‘जुनीपानी आहे, कोण विचारतंय’ असं म्हणून चालत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातलं कलम 45 जुनाट धाटणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या, दुरुस्त करूनही उडू न शकणाऱ्या हत्याराला सवलत देतं. दुरुस्त करून उडू शकेल अशी बंदूक त्या सवलतीत बसत नाही, तिला परवाना लागतो. त्याच कायद्याचं कलम 8 तर नेमकं आपल्या विषयाला भिडतं: घडवणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा मान्य ओळखखूण नसलेलं अग्निशस्त्र विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही आणि असलेली खूण खोडणं हा गुन्हा आहे. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

या कायद्यांनीच आपल्यासाठी एक वाटही करून ठेवली आहे. 1878 च्या शस्त्र कायद्यापासून बंदुकीला परवाना आला आणि परवान्यावर हत्याराचं वर्णन आलं. ‘एस.बी.एम.एल.’ म्हणजे एकनळी ठासणीची, ‘डी.बी.एम.एल.’ म्हणजे दुनळी. पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आजच्या कायद्यातही आहे. आजोबांच्या नावाचा असा कागद ट्रंकेच्या तळाशी असेल तर त्यावरचं साल आणि वर्णन बंदुकीशी ताडून पाहा.

घरात अशी बंदूक असेल तर तिला घासू नका, वार्निश लावू नका, भंगारात देऊ नका, आणि उडवून पाहण्याचा मोह तर मुळीच धरू नका. दोन्ही बाजूंनी, वरून, खालून, तिरप्या उजेडात फोटो काढा. नळीची लांबी, भोक आणि तीन ठिकाणचा व्यास लिहा. खापरपणजोबांची गोष्टही लिहा. कुणी सांगितली आणि कधी, हे त्याखाली नोंदवा, कारण ती पानिपताबाबत चुकली तरी घरात बंदूक कुणाकडून आली, हे तिच्याखेरीज दुसरं कुणी सांगणार नाही. आणि हा कागद परवान्याच्या कागदांसोबत, बंदुकीजवळच ठेवा.